चैत्रगौरीचं बावडीतलं माहेर

विजयाबाई देवधरांना अर्ज लिहायचं व्यसन आहे, असं त्यांचे यजमान मधुकरराव चारचौघांत म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कन्याशाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर बाईंनी उज्जैनमधल्या पडायला आलेल्या जुन्या वास्तूंची यादी केली. समाध्यांवरच्या छत्र्या, बावड्या, घाटावरच्या ओवऱ्या, एक नगारखाना, मिळून अकरा. प्रत्येकीसाठी त्या अर्ज लिहीत, शुद्धप्रत करत, कचेरीत नेऊन देत आणि पोच घेतल्याशिवाय जागच्या हलत नसत. अर्जाची भाषा अशी साजूक, की वाचणाऱ्या कारकुनाला दुसऱ्या परिच्छेदात डुलकी यावी. सहा वर्षांत फायली झाल्या नऊ आणि वास्तू उरल्या चार.

पाडलेल्या वास्तूंत कोपऱ्यावरची छोटी छत्री गेली, ती मात्र बाईंच्या जिव्हारी लागली. तोडायला माणसं येणार असल्याचं कळलं तेव्हा बाई अर्जाची शुद्धप्रत करत होत्या. "उद्या सकाळी नेऊन देते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे मोकळी जागा होती, आणि दिवाळीपर्यंत पिवळ्या पाटीचं एसटीडीचं दुकान उभं राहिलं. त्या दुकानावरून जाताना बाई मान खाली घालत. आपण त्या दिवशी नुसतं जाऊन उभं राहायला हवं होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि आता, शहाण्णव साली, पाळी आली बावडीची. राम घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतली ही दगडी पायऱ्यांची विहीर दत्तात्रयपंत नावाच्या कुणा दरबारी कारकुनानं दोनशे वर्षांपूर्वी बांधलेली. वीस वर्षं गल्लीचा कचरा पोटात घेऊन ती गप्प पडली होती. टावर चौकात काचेची दुकानं उघडायला लागल्यापासून सगळ्या शहराला काचेचं वेड लागलेलं. एका सरकारी कचेरीनं ठरवलं, की बावडी बुजवून वर दुमजली शॉपिंग कॉम्प्लेक्स बांधायचं. कचेरीचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं पुढे बरी वागली.

या वेळी बाईंनी अर्ज दिला, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. "वाचत नाहीत ना मेले? मग डोळ्यांनी बघू देत," म्हणून त्यांनी चैत्र शुद्ध तृतीयेचं हळदीकुंकू थेट बावडीच्या पायऱ्यांवर करायचं ठरवलं. आपल्या आईकडून आलेली पितळेची गौर तासभर तिथे शोभेला ठेवायची, त्या कचेरीच्या इंजिनियरसाहेबांना बोलवायचं, पन्हं पाजायचं आणि संध्याकाळी गौर घरी नेऊन झोपाळ्यात रीतसर बसवायची, असा बेत.

उज्जैनच्या मराठी बायकांत दोन तट आहेत. एक जुन्या दरबारी घराण्यांतल्यांचा, दुसरा बँक, रेल्वे अशा नोकऱ्यांपायी आलेल्यांचा. पन्ह्यात गूळ घालायचा की साखर, यावरून त्यांच्यात अबोला होऊ शकतो. पण बावडीच्या नावानं दोन्हीकडच्या आल्या. चार दिवस खपून वरच्या पायऱ्या झाडल्या, धुतल्या, चैत्रांगण काढलं. पन्हं दोन पातेल्यांत ठेवलं आणि वाद मिटवला.

इंजिनियर रमेश पालीवाल स्कूटरवरून आले. बाई त्यांना वर दत्तात्रयपंतांचा शिलालेख दाखवत होत्या, तेवढ्यात खाली घोटाळा झाला. नानाखेड्याच्या कॉलनीतली मीरा, बँकेतल्या नोकरदाराची बायको, मूळची साताऱ्याची, कर्मठ. तिला बेत नीट माहीत नव्हता. कोनाड्यात गौर नुसतीच ठेवलेली पाहून तिच्या जिवाला चैन पडेना. तिनं मंत्र म्हणून, अक्षता वाहून गौर विधिवत बसवली, कोनाड्यातच झोपाळा बांधून त्याची दोरी ओढली आणि वर हात जोडून म्हणाली, "महिनाभर सुखानं राहा गं माहेरी."

बाई खाली आल्या, झालं ते ऐकलं आणि ओरडल्याच. "मीरा, अगं काय केलंस हे! आता अक्षय तृतीयेपर्यंत हलवता नाही यायचं तिला!"

"मग बसवायचीच नव्हती तर आणली कशाला, काकू?" मीरा रडकुंडीला आली.

पालीवालसाहेब पन्ह्याचा तिसरा पेला संपवत म्हणाले, "मॅडम, काम तो अगले हफ्ते शुरू है. माताजी को उठा लीजिएगा."

बाई उत्तर देणार, तोच माई पुढे झाली. माई म्हणजे बावडीच्या तोंडाशी बसणारी फूलवाली, सत्तरीची, आवाज मात्र घाटाच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असा. तिला हळदीकुंकवाला बोलावलं होतं आणि ओटीतले हरभरे ती मजेत खात होती.

"बिटिया मायके आई है साब," ती म्हणाली, "महीना पूरा होने से पहले धक्का देके निकालोगे क्या? तुम्हारी बहन-बेटी नहीं है?"

साहेबांना दोन मुली होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला आणि काम अक्षय तृतीयेच्या पुढे ढकललं.

असा महिना पदरात पडला, आणि त्याबरोबर महिनाभराचं लोढणंही. गौर बसली म्हणजे रोज सकाळी पूजा, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी दिवा. पाळ्या लागल्या. रोज येऊन बसायचं तर घाण वास कुणी सोसायचा? बायकांनी नवऱ्यांना कामाला लावलं. मधुकरराव आणि त्यांचे रेल्वेतले निवृत्त मित्र कंबर कसून घमेली उपसू लागले. प्लास्टिक, फुटक्या घागरी, एक सायकल, मग नुसता काळा गाळ. "इसमें मीठा पानी था, बई," माई रोज सांगायची. कुणी मनावर घेत नव्हतं.

अठराव्या दिवशी मधुकररावांची चप्पल गाळात रुतली. ती ओढून काढल्यावर खड्ड्यात पाणी चढायला लागलं. म्हातारे शाळकरी पोरांसारखे ओरडले. आठवड्याभरात खालच्या सात पायऱ्या स्वच्छ पाण्याखाली गेल्या. नळाला त्या उन्हाळ्यात चार दिवसांआड पाणी येत होतं.

अक्षय तृतीयेला गौर उठायची, आणि दुसऱ्या दिवशी मातीचे ट्रक यायचे. बाईंना आदल्या दिवसापासून अन्न गोड लागेना.

"काकू, राहू दे ना गौर इथंच," मीरा म्हणाली. "देऊळच करू. मग कोण हात लावतंय?" बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या.

मोह बाईंनाही झाला, का नाही होणार? पण त्या म्हणाल्या, "देऊळ वाचेल गं, बावडी जाईल. पाण्यावर फरशी घालतील आणि दानपेटी ठेवतील. आणि लेकीला महिन्यानं तिच्या घरी धाडायचं असतं. खोटेपणा नाही करायचा तिच्याशी."

अक्षय तृतीयेला पाण्यानं भरलेला घडा दान द्यायची आपली रीत. बाईंनी कुंभाराकडून पन्नास घडे आणवले, बावडीच्या पाण्यानं भरले, वाळा घातला आणि गल्लीतल्या घराघरांत दिले. मग गौरीची ओटी भरली, तिला पदराखाली घेतलं आणि घरी आणली. निघताना बावडीतला रिकामा कोनाडा पाहून त्यांना रडू आवरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाई बावडीपाशी हजर होत्या. निदान उभं राहायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पण उभं राहायला जागाच नव्हती. पहिल्या पायरीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत बायका हंडे-कळश्या घेऊन ओळीत उभ्या होत्या. घड्यातलं पाणी सगळ्यांनी चाखलं होतं. माई कुणाचा नंबर कुठे ते ओरडून सांगत होती.

मागे दोन ट्रक येऊन थांबले, त्यांच्यामागे पालीवालसाहेबांची स्कूटर. साहेबांनी ओळ पाहिली, पाणी पाहिलं, घाम पुसला.

"इनके सामने कुआँ भरूँ मैं? मार डालेंगी," ते म्हणाले. मग जरा आवाज उतरवून, "मेरे घर भी चार दिन से नल नहीं आया, मॅडम. ऐसा कीजिए, एक अर्ज़ी दे दीजिए. फाइल में लगाके काम रुकवा देता हूँ. अभी दे सकेंगी?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच बाईंच्या पिशवीत अर्ज नव्हता. त्यांनी माईकडून फुलं बांधायचा कागद घेतला, मधुकररावांच्या खिशातलं पेन काढलं आणि ट्रकच्या बॉनेटवर टेकून लिहिलं, "बावडी में पानी है. न भरी जाए." खाली सही केली.

"घरी नेऊन शुद्धप्रत नाही करायची?" मधुकररावांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि तो चुरगळलेला कागद त्यांनी साहेबांच्या हातात दिला.