मागच्या दाराचं कुलूप

मंगळवारी सकाळी डाळ मिलच्या फाटकावर उकंडा चौकीदाराने लालीबाईला अडवलं.

"तुले आत सोडू नोको म्हणून सांगतलं हाये," तो खाली बघत म्हणाला.

"कोनं सांगतलं?"

"वरून आलं."

लालीबाईच्या मागेच साधना उभी होती. ती निवडणीच्या बायांची मुकादम. कळंबजवळच्या या मिलमध्ये तुरीची डाळ होते आणि तिच्यातले खडे, काळे दाणे वेचायला बाया मागच्या हॉलमध्ये बसतात. साधनाने उकंडाला कारण विचारलं. त्याने केबिनकडे बोट दाखवलं. पण कारण काय ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं होतं. आदल्या दिवशी लालीबाई मीटिंगमध्ये बोलली होती.

ही मीटिंग नयन सरांनी सुरू केलेली. नयन सर म्हणजे पुण्याहून आलेले नवे मॅनेजर, वयाने साधनाच्या धाकट्या भावाएवढे. दर सोमवारी जेवणानंतर ते सगळ्यांना गोदामात बसवायचे आणि म्हणायचे, "बोला, मोकळेपणाने बोला, मिल तुमचीच आहे." बाया डोक्यावरचा पदर ओढून गप्प बसायच्या. मग सरांनी साधनाला गाठलं. "ताई, तुमचं ऐकतात त्या. तुम्ही त्यांना बोलतं करा."

साधनाला ते पटलं होतं. वस्तीतल्या विहारात, बैठकांमध्ये ती शाळकरी वयापासून उभी राहून बोलत आली होती. ती एकेकीजवळ जाऊन बसली. "बोलान वं. पोटात ठेवून काय होते? मी हावो नं," असं तिने प्रत्येकीला सांगितलं. लालीबाईला तर जरा जास्तच. बंजारा तांड्यावरची ही बाई हॉलमध्ये सगळ्यांना हसवायची आणि मीटिंगमध्ये मात्र दगडासारखी बसायची.

आणि सोमवारी लालीबाई उठली. "साहेब, हॉलचं मागचं दार तुमी कुलूप लावून ठेवता. पुढच्या दारात मशीन, पोते. उद्या आग लागली तं आमी कुठून पळाव? डाळ चोरतो म्हणून कुलूप लावता नं? मंग आमाले चोर म्हना तोंडावर."

बायांनी टाळ्या वाजवल्या. नयन सरांनीही वाजवल्या. "अशाच बोलत्या व्हा," म्हणाले.

आता साधना तडक त्यांच्या केबिनमध्ये शिरली.

"लालीबाईले काहून काढलं?"

"ताई, बसा ना."

"बसत नाई. काहून काढलं ते सांगा."

सर टेबलावरचा पेन इकडून तिकडे करत राहिले. "मालकांना आवडलं नाही. सगळ्यांसमोर तसं बोलणं... माझ्या हातात काही नाही."

"टाळ्या वाजवणं तं होतं नं तुमच्या हातात!"

दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. एकही बाई तिच्याशी बोलली नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

संध्याकाळी ती तांड्यावर गेली. लालीबाई दारातच बसली होती. तिने आत ये म्हटलं नाही.

"कायले आली?"

"लालीबाई, मी मालकाशी बोलतो."

"तूच म्हनलं बोल. मी हावो म्हने." लालीबाईचा आवाज चढला. "माहीत हाये, इथं काय झालं? मिलीतून बाई काढली म्हंजे तिनं डाळ चोरली, असं बोलून राह्यले लोक. सुनेच्या माहेरून फोन आला. आमा तांड्यावाल्याइले चोर ठरवाले लोकाइले निमित्तच लागते. उभ्या जन्मात मी कोनाचा दाना नाई उचलला."

आतून सुनेने त्यांच्या गोरबोलीत काहीतरी म्हटलं. लालीबाई उठली आणि दार लावून घेतलं.

परत येताना साधनाचे कान तापले होते. तिला नयन सरांचा राग आला होता, मालकाचा आला होता. पण सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या शब्दांचा आला होता. मी हावो नं! कुठे होती ती?

पुढच्या सोमवारी मालक सदाशिवराव स्वतः मीटिंगला आले. पंख्याखाली खुर्ची टाकून बसले. नयन सरांनी घसा साफ केला. "तर मग, कुणाला काही सांगायचंय?"

साधना उठली.

"मले सांगायचं हाये. लालीबाई कुठं हाये?"

"साधना, तू मुकादम आहेस," सदाशिवराव शांतपणे म्हणाले. "बायांना भडकवायला ठेवलं नाही तुला."

"बोलाले लावाले ठेवलं होतं. बोलली ते, तं तुमी तिले काढलं. गावभर चोर झाली ते! दार उघडं ठेवा म्हणाली, याच्यात चोरी कोणती? आमी जळून मेलो तं चालते, तुमची पसाभर डाळ गेली तं चालत नाई?"

"बस खाली."

"नाई बसत. ते कुलूप काढा, अन् लालीबाईले बोलवा. तोपर्यंत मी दाण्याले हात लावत नाई."

गोदामात कुणी हललं नाही. मग रुखमाबाई, सगळ्यांत म्हातारी, गुडघ्यावर हात टेकत उठली. "मीबी नाई," म्हणाली. तिच्यामागे एकेक बाई उठत गेली. सगळ्या हॉलमध्ये गेल्या आणि त्या बंद दाराला पाठ लावून बसल्या.

बाहेर माल न्यायला ट्रक उभे होते. सदाशिवराव आधी ओरडले, मग नव्या बाया आणतो म्हणाले, मग कुणाकुणाला फोन करत बसले. ऊन उतरताना नयन सर किल्ली घेऊन आले. कुलूप गंजलं होतं. हातोडीने तोडावं लागलं.

"लालीबाईंना या म्हणावं," ते हळूच म्हणाले.

"मी नाई सांगत. तुमी चाला. तांड्यावर, सगळ्याइच्या समोर सांगा का तिनं काही चोरलं नाई."

नयन सर गेले. तांड्यावरची माणसं जमली, लालीबाईचे व्याही मुद्दाम आलेले. सरांनी चाचरत सांगितलं, की बाईंवर कसलाही आळ नव्हता, चूक मिलची होती. लालीबाईने ऐकून घेतलं. "मालक काहून नाई आला?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. साधनाची मुकादमकी गेली होती. ती आता इतर बायांसारखी खाली बसून डाळ निवडत होती. लालीबाई तिच्याशी बोलली नाही, पण दुसरीकडे जागा असतानाही शेजारी येऊन बसली. मागच्या दारातून वारा येत होता. साधना खडे वेचून बाजूला फेकत होती, आणि प्रत्येक खडा जरा जोरातच फेकत होती.