बाळी पाठमोरी आली

मी सोलापुरात एका विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम बघते. दिवसभर माझ्यासमोर चेंबलेल्या गाड्यांचे फोटो असतात आणि सोबत लोकांचे जबाब. त्यातलं एक वाक्य आठ वर्षांत इतक्यांदा वाचलंय की आता ते दिसलं की पुढचं न वाचताच कळतं: 'बाळ आईच्या मांडीवर होते.' म्हणून मला दिवस गेले तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली. आपलं बाळ गाडीत कुणाच्याही मांडीवर बसणार नाही. माझ्याही नाही.

एवढी साधी गोष्ट. पण तिच्यासाठी मी जेवढी भांडले तेवढी आयुष्यात कशासाठी भांडले नव्हते, लग्नासाठीसुद्धा नाही.

पाचव्या महिन्यापासून मी मोबाइलवर शोधत होते. बाबागाडी आणि कारसीट जोडीनं मिळतात, त्याला ट्रॅव्हल सिस्टिम म्हणतात. सीट गाडीत बसवायची, उतरताना बाळासकट उचलायची आणि बाबागाडीच्या सांगाड्यावर अडकवायची. मी एक पक्की केली. घ्यायची मात्र सोय नव्हती. आमच्याकडे बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी टोपडंसुद्धा विकत आणत नाहीत. आणि बाळ झाल्यावर बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे आधी बाळ नाही म्हणून घ्यायचं नाही आणि नंतर बाळ आहे म्हणून जायचं नाही. ज्यांनी हे नियम केले त्यांनी खरेदी पुरुषांच्या हवाली केली आणि निवांत झाले.

मुलगी झाली ती सोलापुरातच, माहेराशेजारच्या दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी माझे वडील गुरुशांतअप्पा आणि दुधनीहून आलेला माझा नवरा बसू माझी चिठ्ठी घेऊन दुकानात गेले. चिठ्ठीवर मॉडेलचं नाव होतं आणि खाली दोन रेघा मारून 'कारसीटसह' असं लिहिलं होतं. तीन तासांनी दोघं गुलाबी बाबागाडी घेऊन आले. तिला पुढे खेळण्यातलं स्टिअरिंग होतं. ते फिरवलं की कोंबडा आरवायचा. कारसीट नव्हती.

"अप्पा, सीट कुठंय?"

"अगं, दुकानदार म्हणला, ती फॉरेनला लागती. हितं कोण घेत न्हाय." अप्पांनी पुन्हा कोंबडा आरवून दाखवला. "बाळंतविड्यात ही कशी उठून दिसंल की. दुधनीची माणसं बघतील."

माहेरचा बाळंतविडा उठून दिसला पाहिजे, मग नात काचेतून बाहेर उडाली तरी चालेल. हे मी मोठ्यानं म्हणाले. ओल्या बाळंतिणीनं असलं अभद्र बोलू नये, असं आईनं मलाच सुनावलं.

"मी म्हणलो होतो अप्पांना," बसू म्हणाला. काय म्हणाला होता ते मात्र त्याला सांगता येईना. बसूचं दुधनीत आडत दुकान आहे. तुरीच्या भावावरून तो दहा जणांना गप्प करतो. घरात मात्र ज्याच्यासमोर उभा असेल त्याचीच री ओढतो.

बाराव्या दिवशी कानाला फडकं बांधून मी दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "ताई, जरा साहेबांना द्या की फोन." मी म्हणाले, "साहेब मीच. बोला." बदलून द्यायला त्यानं आठ दिवस घोळ घातला, पण कारसीटवाली दिली. सव्वा महिना झाल्यावर मी ती सीट अप्पांच्या गाडीत चार वेळा बसवून पाहिली. इतक्या लहान बाळाची सीट मागच्या बाजूला बसवायची आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागे करायचं. गाडी आदळली तर बाळाची मान वाचते. बसूला हे मी फोनवर तीनदा सांगितलं. तो तिन्ही वेळा "व्हय, व्हय" म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात बसू आणि सासूबाई आम्हाला न्यायला आले. बारसं दुधनीत व्हायचं होतं, तोवर लेकीला सगळे बाळीच म्हणत होते. ओटी भरून मी बाळीला घेऊन बसूच्या गाडीपाशी आले. सीट आधीच बसवून ठेवली होती. तोंड पुढे केलं होतं आणि काथ्याच्या दोरीनं पोत्यासारखी आवळून बांधली होती.

"हे कुणी केलं?"

बसू गाडीची काच पुसायला लागला. उत्तर निंगव्वांनी, म्हणजे सासूबाईंनी दिलं. त्यांचा राग कानडीत सुरू होतो आणि मराठीत येऊन मोठा होतो. "ब्याड, ब्याड. नको म्हणते मी. पाठमोरं न्हाय न्यायचं. पैल्यांदा घरला निघालंय लेकरू, आन् घराकडं पाठ करून जाईल व्हय? जलमभर घराकडं पाठच फिरवंल. मीच सांगितलं बसूला, सरळ कर म्हणून."

"आई, ती सीट तशी चालत नाही. हिसका बसला तर तिची मान मोडेल."

"मी तीन लेकरं मांडीवर आणली. कुणाची मान मोडली?"

"नाही मोडली, कारण गाडी आदळली नाही. आदळलेल्या मी रोज बघते."

"बसू, सांग की हिला."

बसू म्हणाला, "असं करू. आत्ता उलटी ठेवू आन् गावाच्या वेशीपासनं सरळ करू. दोघींचंबी राहील."

त्या क्षणी मला सासूबाईंचा नाही, त्याचाच राग आला. त्या निदान कशावर तरी विश्वास ठेवून भांडत होत्या. मी बाळीला आईकडे दिलं, पदर खोचला आणि गल्लीतल्या सगळ्यांसमोर गाडीत शिरले. घरातून सुरी मागवली आणि दोरी कापली. सीट फिरवली, तिच्यात गुडघा रोवला आणि गाडीचा पट्टा ओढून लावला. हलवून पाहिली. हलली नाही.

"अशी न्यायची असेल तर येते. नाहीतर बारसं सोलापुरात करा."

सासूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

अक्कलकोट ओलांडलं आणि बाळी रडायला लागली. मागे न बघताच बसू म्हणाला, "घे की मांडीवर. कोण बघतंय?"

"गाडी थांबवा."

लिंबाच्या झाडाखाली गाडी थांबवली. मी तिला पाजलं, पुन्हा पट्टा लावला, मग निघालो. पुढे आणखी दोनदा थांबलो. सासूबाई समोर बघत होत्या. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा त्यांनी स्वतः उतरून बाळीवर ऊन येऊ नये म्हणून पदर धरला.

दुधनीत घरासमोर बायका जमल्या होत्या. शेजारच्या अक्कम्मा ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी सीट बाळासकट काढून ओट्यावर ठेवली. सगळ्या वाकून बघायला लागल्या.

"बसूनं लई डोकं लावलं बघ. लेकीला पट्टाबिट्टा लावून आणलं," अक्कम्मा म्हणाल्या.

"एवढी काळजी घेणारा बाप मिळाया नशीब लागतं," दुसरी मला म्हणाली.

आणि बसू म्हणाला, "लेकीसाठी करायलाच पाहिजे की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागाच्या खाली भीती होती. उद्यापासून हाच बाळीला गाडीतून नेणार होता. मी प्रत्येक वेळी शेजारी नसणार, आणि याच्यासमोर कुणीतरी म्हणणार, असू दे, घे मांडीवर, आणि हा व्हय म्हणणार.

"अहो," मी म्हणाले, "काढा की बाळाला. ओवाळायचंय."

तो वाकला. पट्टा ओढला, मग बाजूची कड दाबली, मग खालून हात घालून पाहिला. बाळी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "कसं सोडायचं?"

"मोठ्यानं विचारा."

त्यानं आजूबाजूला बघितलं. कान लाल झाले होते. तरी विचारलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी लाल बटण दाखवलं, जोर लावून दाबायचं म्हणून सांगितलं. पट्टा सुटला. तो बाळीला उचलायला लागला तसं मी त्याचा हात धरला.

"आता लावून दाखवा."

"राहू दे आता, बायका ताटकळल्यात," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात सासूबाई बायकांना बाजूला सारत पुढे आल्या आणि गुडघ्यावर हात टेकून सीटसमोर खाली बसल्या.

"लाव की बसू," त्या म्हणाल्या. "सावकाश लाव. मलाबी दिसू दे."

पहिल्यांदा पट्टा पिरगळला. दुसऱ्यांदा सैल राहिला, त्यात माझी चार बोटं जात होती. तिसऱ्यांदा बरोबर बसला. तोवर ताटातलं निरांजन विझलं होतं, ते अक्कम्मांनी पुन्हा लावलं.