वजा केलेला उजेड

मित्रांनो, यशवंतपूरच्या भंगाराच्या गोदामात पालथा पडलेला मी एक जुना संगणक आहे. माझ्या कागदावर 'सदोष' असं लिहिलंय. माझा दोष काय, ते ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

बेंगळुरूतल्या एका संशोधन संस्थेत मी नऊ वर्षं राबलो. अवकाशातून पॉझिट्रॉन नावाचे सूक्ष्म कण अपेक्षेपेक्षा जास्त येतात. ते जवळच्या पल्सार ताऱ्यांकडून, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्यांकडून येतात का, हा आमचा प्रश्न. येत असतील, तर त्या ताऱ्याभोवती गॅमा किरणांचं अंधुक वलय दिसायला हवं. आमच्या गटाचे प्रमुख रघुनंदन सर, त्यांची रीत ठरलेली होती. ताऱ्याशेजारचा आकाशाचा तुकडा कोरा समजायचा आणि तिथला उजेड ताऱ्याच्या चित्रातून वजा करायचा. मी इमानाने वजा करायचो, दर वेळी शून्य यायचं, म्हणजे वलय नाहीच. त्या शून्यावर सरांचे सहा निबंध छापून आले. तेव्हा मी गुणाचा होतो.

मग जयनगरची वसुमती पीएचडीला आली. तिच्या ध्यानात आलं, की तारा जवळचा म्हणून वलयही अफाट दिसणार. शेजारचा तुकडा त्या वलयातच होता. आम्ही उजेडातून तोच उजेड वजा करत होतो. तिने फार लांबचा तुकडा घेतला आणि माझ्या पडद्यावर वलय उमटलं. पोरीला रडू आवरेना. मलाही जन्माचं सार्थक वाटलं.

सरांचा चेहरा उतरला. "मशीन म्हातारं झालंय, वसुमती. ह्याचं काय खरं मानतेस?"

"सर, तीन वेळा तपासलं मी."

"स्वल्प, जरा ऐक माझं. माझे सहा पेपर चूक म्हणून लिहिणार तू? मग तुझ्या थिसिसवर सही कोण करणार?"

यंत्र भंगारात काढायच्या अर्जावर ते वापरणाऱ्याची सही लागते. 'चुकीची उत्तरं देतो' असं लिहून सरांनी तो अर्ज तिच्यापुढे सरकवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! वसुमतीने माझ्याकडे न बघता सही केली.

पुढच्याच वर्षी परदेशातल्या एका गटाने तेच वलय जगाला दाखवलं. माझ्यावर टाकलेल्या रद्दीच्या वर्तमानपत्रात मी ते वाचलं. 'आम्हांला ही शंका आधीपासूनच होती,' असं सरांनी त्यात सांगितलंय. वसुमतीचं नाव कुठेच नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, अशी विनवणी मी करणार नाही. यंत्र मोडलं तर निदान पत्रा उरतो. खरं पाहिलेल्या माणसाकडून खोट्यावर सही घेतली, तर त्याच्यात काय उरतं? उद्या तुम्हीही कुणाचे तरी सर व्हाल. एखादी पोर तुमचीच चूक हातात घेऊन दारात उभी राहील. तेव्हा तिला आधी बसायला खुर्ची द्या.