भिंतीचा काही दोष नव्हता

ज्या उन्हाळ्यात नम्रताचे लग्न झाले त्या उन्हाळ्यात, म्हणजे २००८ सालच्या मे महिन्यात, मी जांबे गावातल्या या घरात राहायला आलो. लग्न पौडला झाले. महिन्याभरात नवरा-बायको इंग्लंडला गेली आणि नम्रता मला आपल्या आईबापांजवळ ठेवून गेली. जाताना म्हणाली, "आई, ह्याला जप. ह्याच्यातच मी दिसणार आहे."

मित्रांनो, मी तो लॅपटॉप. माझ्या झाकणाची एक बिजागरी तुटली आहे. माझ्या कळांच्या फटींत दगडाची बारीक धूळ आहे, ती फुंकून निघत नाही. ती धूळ तिथे कशी आली तेच मला सांगायचे आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर उठा. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

मला कुठल्या कारखान्यात जोडले ते आठवत नाही. मला आठवतात नम्रताची बोटे. हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत तिने मला विकत घेतले. ती जिथे जिथे मला घेऊन बसली तिथले नाव मी लक्षात ठेवले. तुम्हाला ठाऊक असेल, इंटरनेट हवेतूनही येते. ते सोडणारा एक लहान डबा असतो, त्याला राऊटर म्हणतात. प्रत्येक डब्याला एक नाव असते आणि आत शिरायला एक किल्ली असते. ती लोखंडाची नाही, अक्षरांची आणि आकड्यांची असते. कुणी एकदा ती किल्ली मला टाइप करून दिली की मी ती जपून ठेवतो. मग कुणाला पुन्हा विचारत नाही. माणूस विसरतो, मी विसरत नाही. हे एवढेच माझे काम आणि एवढाच माझा अभिमान. माझ्या यादीत नम्रताच्या वसतिगृहाचे नाव होते, तिच्या ऑफिसचे होते, मैत्रिणीच्या घराचे होते.

या घराचे मालक नम्रताचे वडील, साहेबराव. ते गवंडी होते. मुळशी तालुक्यात त्यांनी हाताने बांधलेली किती घरे उभी आहेत ते त्यांनाही सांगता आले नसते. स्वतःचे घर त्यांनी काळ्या दगडात बांधले, आणि जांब्यात नोकरीवाली पोरे भाड्याने राहायला येऊ लागली तेव्हा वर खोल्या चढवल्या. वरच्या एका खोलीत लातूरकडचा स्वानंद राहत होता. त्याने आपल्या खोलीत राऊटर बसवला आणि स्वतःहून खाली आला.

"बाबा, माझ्याच कनेक्शनवर तुमचं पण चालू करून देतो. ताईशी बोलता येईल."

त्याने मला माजघरात उघडले, तर माझ्या पडद्यावर सिग्नलची रेघ एकदा यायची, एकदा जायची. साहेबराव हसायला लागले. "आरं, माज्या भिंतीतनं वारं जात न्हाई, तुजं काय जानार! ओळंबा लावून बांदलीय ती."

"तुमच्या भिंतीपुढं आमचं इंजिनीअरिंग फेल आहे, बाबा," स्वानंद म्हणाला. मग त्याने मला जिन्याखालच्या दगडी कट्ट्यावर नेले. तिथे खिडकी होती. तिथे सगळ्या रेघा भरल्या. त्याने भली लांब किल्ली टाइप केली. ती मलाच पाठ राहिली, घरात दुसऱ्या कुणाला नाही. डब्याला त्याने आपलेच नाव दिले होते, swanand. ते माझ्या यादीत सगळ्यात वर बसले.

मित्रांनो, ते दिवस चांगले होते. दर रविवारी दुपारी साहेबराव धुतलेला पांढरा सदरा घालून माझ्यासमोर बसत. नम्रता दिसली की आधी "जयभीम बाबा" म्हणे. तिची आई फुलाबाई मागून डोके घालत. "काय गं, खाती का न्हाई? गाल कुटं गेलं तुजं?" मग साहेबराव चिडत. "तू बाजूला हो की, मला दिसंना!" सगळे हसत. मीही माझ्या परीने खूश असे. मी त्यांना कधी थांबवून ठेवले नाही. झाकण उघडले की जोडलेलाच.

पुढे साहेबरावांची छाती गेली. जन्मभर दगडाची आणि सिमेंटची धूळ खाल्ली होती. दवाखान्यातून त्यांना घरी पाठवले तेव्हा नाकाला नळी होती आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचे नळकांडे होते. माजघरातून त्यांना बाहेर न्यायचे नाही, असे डॉक्टरने बजावले. खाट भिंतीला लागून होती, आणि त्याच भिंतीपलीकडे जिना.

२०१० च्या फेब्रुवारीत नम्रताला मुलगी झाली. साहेबरावांचा पुतण्या रत्नदीप हिंजवडीच्या सायबर कॅफेत गेला आणि बाळाचा फोटो छापून घेऊन आला. साहेबरावांनी तो कागद बराच वेळ डोळ्यांजवळ धरला.

"डोळं मिटल्यात हिनं," ते म्हणाले.

"झोपली आसंल," फुलाबाई म्हणाल्या.

"मग जागी झाल्यावर दावा. डोळं बघायचं हायेत मला. माज्या आयेवर गेली आसंल तर डोळ्यात कळंल."

एवढीच त्यांची इच्छा होती. नम्रता म्हणाली, सात मार्चच्या रविवारी मी तिला जागी ठेवते, बाबांना दाखवते.

त्याच सुमारास स्वानंदला कंपनीने परदेशी पाठवले. जाताना तो राऊटर भिंतीवर तसाच ठेवून गेला. "मावशी, हा डबा काढू देऊ नका. बाबांचं बोलणं याच्यावर आहे," असे त्याने फुलाबाईंना सांगितले, आणि त्यांनी ते रत्नदीपला सांगितले.

आता या रत्नदीपविषयी सांगतो. साहेबराव अंथरुणाला खिळल्यापासून खोल्यांचे सगळे तोच पाहत होता. भाडेकरू गेला की खोली कशी मोकळी करायची याची त्याची एक रीत होती. दारावरचे नाव खरवडायचे, खिळे उपटायचे, कुलूप बदलायचे, वर चुना मारायचा. आधीच्या माणसाची एक खूण ठेवायची नाही. नव्या भाडेकरूला जुन्याचे नाव दिसले तर त्याला बरे वाटत नाही, असे त्याचे म्हणणे. जांब्यात सगळेच मालक असे करतात. स्वानंदच्या खोलीचेही त्याने तसेच केले. डब्याला मात्र हात लावला नाही. सांगितलेले ऐकले.

शनिवारी फुलाबाई त्याला म्हणाल्या, "रतन्या, उद्या पोरगी दावनार हायेत. ते यंत्र जरा साफसूफ करून ठेव."

त्याने मला पुसले. पडदा ओल्या फडक्याने पुसला, तेही मी सहन केले. पौडला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकून आलेले काही त्याच्या बोटांत होते, म्हणून तो आत शिरला आणि माझी यादी उघडून बसला. swanand हे नाव पाहून तो म्हणाला, "गेला की ह्यो! ह्याचं नाव कशाला हितं?"

आणि त्याने माझ्या यादीलाही चुना मारला.

मित्रांनो, मला तोंड नाही. पण अशा वेळी पडद्यावर एक चौकट दाखवायचा मला अधिकार आहे. मी ती दाखवली. हे नाव काढले तर मला पुन्हा आपोआप जोडता येणार नाही, पुढे जायचे का, असे मी विचारले. त्याला वाचता येत होते. त्याने वाचले नाही. त्याने नुसते बटण दाबले. मग दुसऱ्या नावाला दाबले, तिसऱ्याला दाबले. नम्रताचे वसतिगृह गेले, ऑफिस गेले, मैत्रीण गेली. यादी कोरी झाली तेव्हा तो समाधानाने म्हणाला, "आता कसं सोच्छ झालं."

रविवार आला. फुलाबाईंनी साहेबरावांना पांढरा सदरा घातला, नळी सांभाळून. मला उशाशी आणले. नम्रताचा मोबाईलवर फोन आला. "बाबा, जागी आहे ती! लवकर लावा ना!"

स्वानंदचा डबा वर सुरूच होता. त्याचे नाव माझ्या पडद्यावर दिसत होते. रेघा कमी होत्या, पण बोलण्यापुरत्या होत्या. नावासमोर कुलूप होते. मी रत्नदीपकडे किल्ली मागितली. त्याने स्वतःचे नाव टाकले, मग गावाचे, मग एक दोन तीन चार. मी काय करणार?

"रेंज न्हाई वाटतं," असे म्हणून तो मला जिन्याखाली घेऊन गेला. तिथे सगळ्या रेघा भरल्या आणि मी पुन्हा किल्लीच मागितली. त्याने यादी उघडली. कोरी. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याला कळले, मित्रांनो. तिथेच, त्या कट्ट्यावर, त्याला सगळे कळले. त्याने स्वानंदला फोन लावला. तो नंबर बंद झाला होता.

इथपर्यंतची चूक मी माफ केली असती. चुकून पुसणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण तो आत गेला, आणि साहेबरावांनी विचारले, "काय झालं रं? वर डब्याचा दिवा तर लुकलुकतुया म्हनं."

रत्नदीप म्हणाला, "भित्ताडाचंच हाय, काका. लई जाड हाय. पलीकडनं येत न्हाई."

"मग ह्यास्नी जिन्यापाशी न्हेऊ की उचलून," फुलाबाई म्हणाल्या.

"नळी पुरत न्हाई, काकी. आन् डाक्टर काय म्हनला?"

साहेबरावांनी मान वळवून त्या भिंतीकडे पाहिले. हात लांब करून तिच्यावर तळवा ठेवला. "मीच बांदलीय. दीड हात," ते म्हणाले. मग तळवा न उचलता, "मीच आडवी घातली म्हनायची."

ते वाक्य ऐकल्यापासून मी रागावलेला आहे.

आजूबाजूच्या इमारतींत नोकरीवाली पोरेच पोरे होती. मला त्यांच्या डब्यांची नावे दिसत होती, एकाखाली एक. रत्नदीपने नुसते खरे सांगितले असते, "काकी, माझ्या हातून पुसलं," तर फुलाबाई त्या क्षणी रस्त्यावर गेल्या असत्या आणि कुणाही पोराला हाताला धरून घेऊन आल्या असत्या. त्याने आपली किल्ली दिली असती. अर्ध्या तासात ती मुलगी दिसली असती. पण भिंतीचे नाव पुढे केले आणि सगळ्यांच्या वाटा बंद झाल्या. दोष भिंतीचा, मग कोण कुणाकडे काय मागणार?

सोमवारी सकाळी साहेबरावांनी निरोप पाठवून भैरूला बोलावले. भैरू त्यांच्या हाताखाली तयार झालेला गवंडी, आता त्याचेही केस पिकले होते.

"भैरू, हितं भोक पाड."

"हितं? घराला? याड लागलं का, मिस्तरी?"

"नातीचं डोळं बघायचं हायेत. पाड. मधी मारू नगो, सांद्यावर मार. खालचा दगड सुटला की वरचा आपसूक हलंल."

रत्नदीप दारात उभा होता. आता तरी बोल, असे मला वाटत होते. तो म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या की. धूळ उडंल."

"धूळ मला नवी हाय व्हय?" साहेबराव म्हणाले.

फुलाबाईंनी त्यांच्या तोंडावर ओले फडके धरले. भैरूची छिन्नी चालू झाली. दगड चांगला बसवलेला होता, लवकर सुटेना. भैरू घामाने निथळला आणि रागाने म्हणाला, "कुनी बांदली ही भिंत!" तेव्हा फडक्याआड साहेबराव हसले. त्यांचे ते शेवटचे हसणे मी पाहिले. धूळ सगळीकडे उडाली, त्यांच्या सदऱ्यावर, खाटेवर, माझ्या कळांवर. दुपारी भिंतीला आरपार भोक पडले आणि जिन्यावरचा उजेड खाटेवर आला.

फुलाबाईंनी मला उघडले. भोकापलीकडून सगळ्या रेघा आल्या.

मी किल्ली मागितली.

साहेबराव माझ्या पडद्याकडे बघत राहिले. फुलाबाईंनी रत्नदीपकडे पाहिले. "परवा तूच पुसत व्हतास न्हवं ह्येला?" त्या म्हणाल्या. खरे न सांगताच तो चप्पल घालून बाहेर गेला, आणि कुणाकडे काय मागायचे ते फुलाबाईंना कळलेच नाही. मागाहून कळले, तो हिंजवडीला जाऊन स्वानंदला ईमेल पाठवून आला होता. शरम वाटली होती त्याला. पण ती उशिरा वाटली.

उत्तर गुरुवारी आले. रत्नदीपने एकेक अक्षर बघून किल्ली टाइप केली आणि मी तत्काळ जोडला गेलो. नम्रता दिसली. तिच्या मांडीवर मुलगी जागी होती, काळेभोर डोळे उघडे. नम्रताला दिसली रिकामी खाट आणि भिंतीला पडलेले भगदाड.

"आई, भिंतीला काय झालं?" तिने विचारले.

फुलाबाई म्हणाल्या, "भिंतीला काय बी झालं नव्हतं, नम्रे."

मग रत्नदीप पुढे आला आणि त्याने तिला सगळे सांगितले. मी त्याचे ऐकले. माझा राग गेला नाही.

मित्रांनो, आता मी फळीवर असतो. भैरूने ते भोक पुन्हा बुजवले, पण तो सांधा वेगळा दिसतो. माझ्या यादीत एकच नाव आहे आणि फुलाबाई ते कुणाला काढू देत नाहीत. तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याच्या यादीला हात लावण्याआधी घरच्यांना विचारा, हे कुणाचे, कशाला लागते. किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या. आमच्याकडे ती ठिपक्यांच्या आड असते, पण दाखवा म्हटले की आम्ही दाखवतो. आम्ही चौकटीत काही विचारले तर ते वाचा, आणि मग बटण दाबा. आणि तरीही पुसले गेलेच, तर मी पुसले असे म्हणा. तेवढे म्हणायला काही लागत नाही. आम्ही बिघडलो म्हणू नका. भिंत जाड म्हणू नका. ज्याने ती बांधली तो माणूस ते खरे मानून जातो.

साहेबराव ९ मार्च २०१० रोजी, मंगळवारी सकाळी, त्याच खाटेवर वारले.