दोन दिवस पाणी बंद

“इथं नाही,” चावीवाले म्हणाले. “तुमचा नकाशा चुकलाय.”

नव्या सिमेंटच्या रस्त्यावर तीन ठिकाणी खड्डे खणून ठेवले होते आणि तिन्ही खड्ड्यांत नुसती माती होती. पाणीपुरवठ्याचा तरुण इंजिनिअर हातातला नकाशा उलटा-सुलटा करून पाहत होता. त्याच्यामागे कंत्राटदार फोनवर कोणाला तरी “अर्ध्या तासात होतंय” असे सकाळपासून चौथ्यांदा सांगत होता.

“नकाशा ऑफिसचाच आहे, काका.”

“असेल. काढणारा इथं कधी आलाच नव्हता. खुर्चीत बसून काढला त्यानं. मी तेव्हाच बोललो होतो.”

चावीवाले चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्याआधी चौतीस वर्षे गावाचे पाणी सोडणे आणि बंद करणे एवढेच त्यांचे काम होते. त्यासाठी खांद्यावर साडेचार फूट लांबीची लोखंडी चावी असे. वर आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण. ती रस्त्याखालच्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि फेरे मोजत फिरवायची. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले आणि चावी परत मागायचे राहून गेले. त्यांनीही आठवण करून दिली नाही.

डोंगराच्या टाकीतून खालच्या आळीकडे जाणाऱ्या जुन्या लाइनचा व्हॉल्व्ह शोधायचा होता. शिंप्याच्या पायरीपासून अकरा पावले, मग झाडाच्या दिशेने चार, हे चावीवाल्यांना पाठ होते. पण शिंपी नव्हता, पायरी नव्हती. तिथे काचेचे मोबाइलचे दुकान होते. झाड नव्हते, झाडाच्या जागेवरून रस्ता गेला होता. समोरची पिठाची गिरणी, सायकलवाला, दवाखान्याचा निळा दरवाजा, सगळे चार वर्षांत गेले होते. जन्म गेला त्या चौकात त्यांना उभे राहून दिशा शोधावी लागली, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

मग त्यांना खांब दिसला. विजेचा जुना लोखंडी खांब, चौकात तेवढा एकच उरलेला, त्यालाही फ्लॅटची जाहिरात बांधलेली. त्यांनी जाहिरात वर सरकवली. छातीच्या उंचीला रंग उडालेला, पोचा पडलेला बोटभर खळगा होता. तो त्यांच्याच चावीच्या ठोक्यांचा होता.

“या खांबापासून नऊ,” ते म्हणाले आणि पावले मोजत निघाले. थांबले तिथे चावी रस्त्यावर उभी टेकवली, दांड्याला कान लावला. कंत्राटदाराने फोन बंद केला.

“वाहतंय,” चावीवाले म्हणाले. “फोडा इथं.”

दोन फूट खाली लोखंडी झाकण लागले. इंजिनिअरच्या कामगाराने चावी बसवली आणि उजवीकडे जोर लावला. व्हॉल्व्ह हलेना. त्याने पाय रोवले.

“थांब, मोडशील. उलटा आहे तो.”

“उलटा म्हणजे?”

“सगळे उजवीकडं बंद होतात, हा डावीकडं. बसवणाऱ्या मिस्त्रीनं दुसऱ्या कारखान्याचा आणून बसवला. अख्ख्या गावात असा हा एकच.”

“हे कुठंच लिहिलेलं नाही,” इंजिनिअर म्हणाला.

“विचारलं कोणी?”

इंजिनिअर हसला. “काका, तुमच्याशिवाय ऑफिस चालत नाही बघा.” चावीवाल्यांना ते वाक्य आवडले. ते आवडले याचा राग त्यांना नंतर आला.

“बंद कशासाठी करताय?”

“वर लाइन फुटलीय. दोन दिवसांचं काम. गुरुवारी सकाळी पाणी चालू.”

“मग तासभर थांबा. सांगून येतो.”

“कोणाला?” कंत्राटदाराने विचारले.

“ज्यांचं पाणी आहे त्यांना.”

ही त्यांची रीत होती. न सांगता त्यांनी कधी पाणी तोडले नव्हते. बंद करायच्या आधी आळीतल्या प्रत्येक खांबावर चावीने तीन ठोके द्यायचे, माणसे दारात आली की किती दिवस आणि केव्हा परत ते सांगायचे. सांगितलेली वेळ चौतीस वर्षांत दोनदा चुकली होती. दोन्ही वेळा ते पुन्हा ठोके देत फिरले होते.

खालच्या आळीत नऊ खांब होते. पहिल्यावर ठोके पडताच इस्त्रीवाला गरम इस्त्री हातात घेऊनच बाहेर आला.

“चावीवाले? परत घेतलं की काय कामावर?”

“दोन दिवस पाणी बंद. गुरुवारी सकाळी सहाला येईल.”

“सहाला म्हणजे सहाला?”

“न सांगता कधी सव्वासहा झालेत का?”

“नाही बाबा,” समोरच्या दारातून एक बाई म्हणाली. “आमच्या घरातल्या माणसाचा शब्द इकडचा तिकडं होईल, तुमचा नाही.” आतून घरातल्या माणसाचे खाकरणे ऐकू आले आणि आळी हसली.

नवव्या खांबाशी अक्काचे घर होते. अक्का म्हणजे चावीवाल्यांची थोरली बहीण. ज्या दोन खोल्यांत दोघे वाढले त्याच खोल्यांत ती आता एकटी राहत होती. तिने दोन कळश्या आणि एक पातेले भरून ठेवले.

“पिंप भर,” ते म्हणाले.

“दोन दिवसांना पुरेल एवढं भरलंय. तू गुरुवार म्हणालास ना?”

“म्हणालो.”

“मग पिंप कशाला उगीच?”

ते परत वर चौकात गेले, चावी बसवली आणि डावीकडे बावीस फेरे फिरवले. विसाव्या फेऱ्याला पाण्याचा आवाज बारीक झाला, बाविसाव्याला थांबला.

चावीवाले स्वतः आता मुलाकडे राहत, वरच्या भागात, सातव्या मजल्यावर. ती इमारत जिथे उभी होती तिथे पूर्वी तळे होते. तळे बुजवायला डंपर सहा महिने येत होते. इमारत झाल्यावर फाटकावर तळ्याचे मोठे रंगीत चित्र लावले, त्यात दोन बदके काढली. चावीवाले त्या फाटकातून रोज दोनदा जात-येत, आणि चित्राकडे बघत नसत.

बुधवारी संध्याकाळी सून स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा, बघा तरी, काय फोर्स आलाय आज नळाला.”

खरेच, धार जाड होती. गेले वर्षभर या नळाला नदीचे शुद्ध केलेले पाणी येई, औषधाच्या वासाचे आणि बेताचे. चावीवाल्यांनी पेला भरून घेतला आणि एक घोट तोंडात धरून ठेवला.

नोकरीत असताना रोज सकाळी सहाला अक्काच्या नळाचा एक घोट पिऊन मगच ते वहीत सही करत. डोंगराच्या झऱ्याचे पाणी. जिभेच्या टोकाला थोडे लोखंडासारखे लागते आणि मग गोड होते. चौतीस वर्षांचे घोट चुकत नाहीत.

“हे आळीचं पाणी आहे,” ते म्हणाले.

मुलाने टीव्हीचा आवाज कमी केला. “काय म्हणालात?”

“डोंगरावरचं. खालच्या आळीचं.”

“बाबा, पाणी ते पाणी. कुठलं का असेना, येतंय ना?”

“येतंय. कोणाचं तरी येतंय.”

मुलाने टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. त्याने या घरासाठी वीस वर्षांचे हप्ते मानेवर घेतले होते आणि नळाला जोर नाही म्हणून सोसायटीकडे तीन तक्रारी त्यानेच केल्या होत्या. सून मात्र नळ बंद करून उभी राहिली.

“अक्काआत्या काय करत असतील मग?” तिने विचारले.

गुरुवारी सकाळी पावणेसहाला चावीवाले अक्काच्या नळाशी उभे होते. नळाखाली रिकामी कळशी होती. आळीभर नळ उघडून ठेवलेले होते. सहाला नळातून हवेचा एक फुत्कार आला आणि मग तोही बंद झाला. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. माणसे दारात येऊन उभी राहिली. कोणी भांडले असते तर बरे झाले असते. इस्त्रीवाला तेवढा म्हणाला, “चावीवाले, आज गुरुवारच ना? नाही, म्हटलं आमचंच कॅलेंडर चुकलं असेल.”

यावर कोणी हसले नाही.

ते आधी टाकीपर्यंत चढून गेले. लाइन कुठेही फुटलेली नव्हती. अख्ख्या वाटेवर एक दगड ओला नव्हता. टाकीखालून एक नवा निळा पाइप वरच्या भागाकडे नेलेला होता. उतरताना ते चौकात थांबले. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सिमेंट ओतून वर फरशा बसवल्या होत्या. चौकातला तो जुना खांबही काढून नेला होता.

ऑफिसात इंजिनिअर त्यांना पाहून उभा राहिला. “काका, बसा ना.”

“बसायला नाही आलो. दोन दिवस म्हणाला होतात.”

“वरून आदेश आला. वरच्या भागात आता चार हजार घरं आहेत. खाली एकशे सदतीस. तुम्हीच सांगा, काय करायचं?”

“एकशे सदतीसांना विचारायचं. नाहीतर निदान सांगायचं.”

“टँकर लावलाय की. अकराला पोचेल. आणि तसंही काका, रस्ता रुंद व्हायचाय तिथं. वर्षभरात लोक आपणहून जातील.”

“पाणी तोडल्यावर जातातच. गुरंसुद्धा जातात. त्याला आपणहून म्हणत नाहीत.”

टेबलावर फाइल उघडी होती. चावीवाल्यांना उलट्या बाजूनेही अक्षर वाचता येई. त्यांची अर्धी नोकरी साहेबांच्या टेबलासमोर उभे राहण्यात गेली होती. जुनी लाइन वरच्या भागास कायम जोडणे, असा आदेश होता. खाली मंगळवारची नोंद: सदर व्हॉल्व्ह निवृत्त कर्मचाऱ्याने स्वेच्छेने दाखवून बंद करून दिला. त्यांनी आदेशावरच्या तारखेवर बोट ठेवले.

“हा शनिवारचा कागद आहे. मला तुम्ही मंगळवारी दोन दिवस म्हणालात.”

इंजिनिअरने फाइल मिटली. त्याचा चेहरा पहिल्यांदाच थकलेला दिसला. “खरं सांगितलं असतं तर तुम्ही व्हॉल्व्ह दाखवला असता?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? खोटं बोलायचं होतं तर स्वतःच्या तोंडानं बोलायचं. माझं तोंड कशाला वापरलंत? त्या आळीत तुम्ही सांगितलं असतं तर लोकांनी पिंपं भरली असती. मी सांगितलं म्हणून दोन कळश्या भरल्या.”

इंजिनिअरने फाइल खणात टाकली.

“उघडून द्या.”

“व्हॉल्व्हचा चेंबर सिमेंटनं भरलाय, काका. आता माझ्याही हातात नाही.”

“मग तो ‘स्वेच्छेने’ शब्द तरी खोडा.”

“सही झालेल्या कागदावर कसं खोडणार?”

चावीवाले घरी गेले आणि दाराआडची चावी घेऊन निघाले. सून म्हणाली, “बाबा, व्हॉल्व्ह तर बुजवला म्हणता. आता चावी कशाला?”

“ठोकायला.”

खालच्या आळीत पहिल्या खांबावर त्यांनी तीन ठोके दिले. सवयीने दारे उघडली. दोन बायका बादल्या घेऊनच बाहेर आल्या. त्यांच्याकडे पाहून सांगणे अवघड होते, पण त्यांनी त्यांच्याकडे पाहूनच सांगितले.

“पाणी येणार नाही. दोन दिवस बंद, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. कायमचं तोडलंय. आदेश शनिवारचा आहे, मला मंगळवारी फसवलं. व्हॉल्व्ह मी दाखवला आणि बंदही मीच केला.”

इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री बाजूला ठेवली. मग म्हणाला, “शनिवारचा ना? तारीख सांगा. लिहून घेतो.” त्याने इस्त्रीच्या टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद ओढला आणि तारीख लिहिली.

नऊही खांबांवर त्यांनी तेच सांगितले, एकही शब्द कमी न करता. एका दारातून एक म्हातारा म्हणाला, “तुम्ही तरी विचारून घ्यायचं होतं.” चावीवाले म्हणाले, “हो.” शेवटच्या खांबापाशी अक्का दारात बसली होती. टँकरचे पाणी पातेल्यात झाकून ठेवलेले होते.

“माझ्याकडं चल,” ते म्हणाले. “खोली आहे. सूनबाईच म्हणाली.”

“सातव्या मजल्यावर? तिथं येऊन माझंच पाणी पिऊ?”

अक्काने त्यांच्या हातातल्या चावीकडे पाहिले. “सगळ्यांना सांगून झालं?”

“एक खांब राहिलाय.”

“नऊच तर आहेत.”

“दहावा वर आहे.”

फाटकासमोरचा खांब नवा होता, चकचकीत करड्या रंगाचा. चावीवाल्यांनी तीन ठोके दिले. जुन्या खांबांसारखा आवाज आला नाही. पोकळ आला आणि लगेच विरला. फाटकावरचा रखवालदार धावत आला.

“अहो काका, खांब नवाय.”

“म्हणून तर.”

वर सगळ्या खिडक्या बंद होत्या. आळीतल्या माणसांना दारात यायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ ते थांबले. सातव्या मजल्यावर एक खिडकी उघडली, त्यांच्याच घराची. बाकी कोणी आले नाही; या इमारतीत त्या ठोक्यांचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. तरी त्यांनी मान वर केली आणि नेहमीच्याच आवाजात सांगितले, “तुमच्या नळाला आलेलं पाणी खालच्या आळीचं आहे. एकशे सदतीस घरांचं.”

रखवालदाराने ऐकून घेतले. मग चावी खांद्यावर टाकून चावीवाले आत गेले, आणि रखवालदार रुमालाने खांब पुसू लागला. छातीच्या उंचीला रंग उडाला होता, आणि तिथला पोचा काही पुसला जाईना.