विहिरीवरची मनी

“आपल्या घराण्याचा इतिहास आजपासून बदलला,” धम्मदीपने जाहीर केलं, आणि त्याच्या मांडीवर बसलेल्या चार वर्षांच्या प्रियाने पुस्तकाचा कोपरा तोंडात घातला.

त्याआधी मात्र तिने पहिलं पान घडाघडा वाचलं होतं. मनी आली. मनी विहिरीवर चढली. मनी वाकून बघते.

धम्मदीपचे वडील, त्रिंबकआबा, खुर्चीतून हलले नाहीत. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून त्यांची हयात गेली होती. बार्शीच्या गाडीत खिडकीशी डोळे मिटून बसलेला माणूस झोपलेला नसतो, एवढं त्यांना कळत होतं.

“पाठ हाय तिला,” ते म्हणाले.

“आबा, वाचतीय ती.”

“चितर बघून बोलतीय.” त्यांनी पुस्तक घेतलं आणि चित्रातल्या मनीवर अंगठा दाबला. “हं, म्हण आता.”

प्रियाने म्हटलं. आबांचा संशय उलट वाढला. विचारायच्या आधी पुढे येणारं तिकीट हमखास कालचं असतं.

चावून चावून फाटेल म्हणून पुस्तक कपाटावर गेलं. कुणी आलं की ते खाली यायचं. नव्या पेठेतल्या मावशीपुढे, बार्शीच्या मामापुढे, एकदा तर गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसापुढेही पहिलं पान वाचून झालं. पाहुणे टाळ्या वाजवत, आबा अंगठा दाबून नातीचे डोळे न्याहाळत, आणि पुस्तक पुन्हा वर जाई.

धम्मदीपला तिला मोठ्या शाळेत घालायचं होतं. तिथे प्रवेशाआधी मूल वाचतं का, ते बघत. आबांना शुक्रवार पेठेतली, गल्लीच्या तोंडाशी असलेली शाळा पुरेशी वाटत होती.

“वाचणारंच पोर घेणार, तर मास्तरीण शिकवणार काय? घंटा वाजवायला?”

“एकदा तिथं लागली की बारावीपर्यंत बघायला नको, आबा.”

“आन् चारचौघांत अडली म्हंजे? आपल्याला येत न्हाय, असं जन्मभर धरून बसंल पोरगी.”

“मग तुम्हीपण चला,” धम्मदीप म्हणाला. म्हणून मुलाखतीला आबाही गेले.

मुलाच्या ओळखीचं पुस्तक घेऊन या, असं शाळेने सांगितलंच होतं. मुख्याध्यापिका बाईंनी ते टेबलावर उघडलं, चष्मा वर सरकवला आणि चित्रावर तळहात ठेवला. आबांनी त्यांच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. खात्यातलंच माणूस भेटलं होतं.

प्रियाने पान म्हणून दाखवलं.

“पाठ दिसतंय,” बाई म्हणाल्या.

“मी तेच म्हणतोय की,” आबा म्हणाले. धम्मदीपने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

“बाळ, आता शेवटची ओळ आधी वाच बघू.” बाईंनी हात उचलला. ती जागा आबांच्या अंगठ्याने सवयीने घेतली. दुसऱ्या हाताने त्यांनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

प्रिया गप्प झाली. धम्मदीपने रुमाल काढून कोरडंच कपाळ पुसलं. बाईंनी पेन उचललं. आबा नातीचे डोळे बघत होते. ते ना ओळीवर होते, ना चित्रावर. पानाच्या चावून मऊ झालेल्या कोपऱ्यावर होते.

“येत नाही का, बाळ?”

प्रियाने मान वर केली, पण बाईंकडे नाही.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “अंगठा काढा की. मनी पडली का, पुढच्या पानावर बघायचंय.”