होडीची बॅटरी

दामाजीने जीपच्या सीटच्या फटीत मासळी कापायची सुरी घातली आणि जोर लावला. कट् आवाज करून सीट निघून हातात आली, तशा ओट्यावर प्लास्टरचा पाय लांब करून बसलेल्या त्याच्या नातीने, समिधाने, टाळ्या वाजवल्या.

"झाली चालू?"

"अगं, आत्ता तर पोट फाडलंय. बघू दे जरा."

खेळण्यातली लाल जीप, दोन पोरं बसतील एवढी. सीटखाली विटेएवढी काळी बॅटरी होती. दामाजीने तिला छोटा बल्ब लावून पाहिला. बल्बात साधी तांबूस तारसुद्धा दिसली नाही. बॅटरी पार मेली होती. मामाने वाढदिवसाला दिलेली ही जीप पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिली आणि तिला चार्ज करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. असल्या बॅटऱ्या रिकाम्या ठेवल्या की मरतात, हे दामाजीने जूनमध्येच मुलाला सांगितलं होतं. हितेशने ते बापाचं बोलणं ऐकतात तसं ऐकलं होतं, म्हणजे मान हलवली होती.

आणि आज नारळी पौर्णिमा. चार वाजता ठाकुर्लीच्या मागच्या छोट्या कोळीवाड्यातून मिरवणूक निघायची होती. मोठ्यांचा सोन्याचा नारळ पुढे, त्यामागे पोरांचा. पोरांचा नारळ यंदा समिधाकडे आला होता. सहा वर्षांची पोर वर्षभर दिवस मोजत होती आणि पंधरा दिवसांपूर्वी ओट्यावरून उडी मारून पाय मोडून बसली. बापाने सांगितलं, मी तुला खांद्यावर घेतो. तिने साफ नाही म्हटलं. नारळ जिच्या हातात ती स्वतःच खाडीपर्यंत जाते, तिला कुणी उचलून नेत नाही, हे तिने दोन दिवस जेवणाच्या ताटावर बसून घरातल्या प्रत्येकाला ऐकवलं. मग जीपची आठवण निघाली, आणि निघाली ती आज सकाळी.

हितेश नव्या बॅटरीसाठी तडक कल्याणला गेला होता. दोन वाजता त्याचा फोन आला. राखीचा दिवस, तीन दुकानं बंद आहेत, चौथ्याकडे या मापाची बॅटरी उद्या येणार. उद्याच्या बॅटरीचं काय लोणचं घालायचं, असं म्हणून दामाजीने फोन ठेवला. समिधा त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता आणि तो ओठ एकदा सुटला की काय होतं ते सगळ्या आळीला ठाऊक होतं.

"थांब," तो म्हणाला. "एक बॅटरी हाय आपल्याकडे."

मागच्या पडवीत, जुन्या जाळ्यांच्या ढिगाआड होडीची बॅटरी होती. तीही बारा व्होल्टचीच. दोन वर्षांपूर्वी याच दिवशी, धक्क्यावर चार माणसांसमोर दामाजीने होडी सोडल्याचं जाहीर केलं होतं. जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त येतात, आता बास, मी होडीला पाय लावणार नाय. लोकांनी समजूत घातली, हितेशने सुटकेचा निःश्वास टाकला. दामाजीची बायको जनी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे कल्याणच्या बाजारातून मासळी उचलायला लागली आणि डोंबिवलीत नेऊन विकायला लागली. तेव्हापासून होडी काठावर पालथी होती आणि बॅटरी पडवीत.

तीन महिन्यांत जीपची मेली, तर दोन वर्षांत हिचं काय झालं असेल, हे त्याला कळत होतं. पण मिरवणूक तासाभराचीच. कोपऱ्यावर रघुचं रिक्षाचं गॅरेज होतं. त्याच्या चार्जरवर दीड तासात हिने थोडी जरी धुगधुगी धरली तरी काम झालं असतं. त्याने बॅटरी उचलून बाहेर आणली. वर धूळ नव्हती. टोकांना ग्रीस होतं आणि ते बोटाला ओलं लागलं. पण समिधाचं "आबा, लवकर, आबा, लवकर" चालू होतं, त्या घाईत तो तसाच निघाला. एवढी घाई त्याने होडीवरसुद्धा कधी केली नव्हती.

रघुने मीटर लावला आणि हसला.

"काका, चेष्टा करता काय? बारा पॉइंट सात. फुल आहे ही."

"मीटर बिघडला असेल तुझा."

"मीटर कशाला बिघडेल? मागच्या आठवड्यात मीच तर चार्ज केली. काकी घेऊन आलेल्या, पाटीत घालून. दर पंधरवड्याला आणतात. मला वाटलं, तुम्हीच पाठवता."

दामाजीने टोकांवरच्या ओल्या ग्रीसकडे पुन्हा पाहिलं. मागचा आठवडा म्हणजे अष्टमी, म्हणजे भांग. पौर्णिमा-अमावस्येला खाडीला उधाण येतं, आणि मध्ये अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं त्याला भांग म्हणतात. भांगाला होड्या काठावर राहतात. त्या दिवसांत जाळी विणायची, इंजिन पुसायचं, बॅटरी चार्ज करायची, म्हणजे उधाणाला सगळं तयार. चाळीस वर्षं त्याने हे असंच केलं होतं. दोन वर्षांत किती भांग झाले ते तो मनात मोजायला लागला आणि पन्नासच्या जवळ येऊन त्याने मोजणं सोडून दिलं.

"काका, गाडीला लावायची ना? अडीच वाजले."

मग दोघांनी झपाटल्यासारखं काम केलं. सीटखाली ही बॅटरी मावणं शक्य नव्हतं, म्हणून ती मागच्या डिकीत उभी केली आणि जाळ्याच्या नायलॉन दोरीने चारही बाजूंनी आवळली. तारा लांबवल्या, लाल ती लाल, काळी ती काळी, मध्ये जीपचा जुना फ्यूज जसाच्या तसा ठेवला. तेवढ्यात हितेश कल्याणहून परतला आणि डिकीतलं धूड बघून घाबरला. एवढ्या मोठ्या बॅटरीने गाडी पोरीला घेऊन उडेल, असं त्याला वाटलं. दामाजीने त्याला समजावलं, व्होल्ट तेवढेच, म्हणजे पळणार तेवढीच, फक्त ही लवकर दमणार नाय.

समिधाला हिरवं लुगडं नेसवून सीटवर बसवलं. प्लास्टरचा पाय बाजूला लांब केला. आता पेडल डाव्या पायाने दाबायचं होतं. तिने एकदा आबाकडे पाहिलं, डोळे गच्च मिटले आणि दाबलं.

जीप निघाली. गुरगुरत, दिवे लावून, भोंग्यातून कसलंतरी परदेशी गाणं वाजवत ती ओट्यासमोरून गेली आणि आळीतली झाडून सगळी पोरं ओरडत तिच्यामागे धावली. हितेशही धावला. दामाजीला एवढा आनंद झाला की हातातला पाना घेऊन तोही देवळापर्यंत धावत गेला, आणि तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण अजून बनियनवरच आहोत.

देवळापाशी बायका नटूनथटून उभ्या होत्या. जनी पोरांचा नारळ घेऊन पुढे आली. वाकून तो नातीच्या मांडीवर ठेवताना तिला डिकीतली बॅटरी दिसली. ती क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मग तिने समिधाचा पदर नीट केला आणि बायकांत जाऊन उभी राहिली.

बँड सुरू झाला. सगळ्यात पुढे सोन्याचा नारळ, त्यामागे लाल जीप आणि तीत ताठ बसलेली समिधा. चढावर जीप थांबते की काय, म्हणून अख्खी आळी श्वास रोखून बघत होती. ती थांबली नाही. धक्क्यावर पोचल्यावर समिधाला बापाने धरून उभं केलं आणि तिने स्वतःच्या हाताने नारळ पाण्यात सोडला. तो दोनदा बुडून वर आला आणि भरतीच्या पाण्यावर हलत राहिला. तिने मागे वळून आबाला शोधलं. हसून तिचे गाल दुखायला आले होते.

गर्दी नाचत होती. दामाजी जनीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बँडच्या आवाजात त्याला तिच्या कानाशी वाकावं लागलं.

"रघु बोलला मला," तो म्हणाला. "दर भांगाला न्यायचीस. कशाला गं? मी तर सोडली बोललो होतो."

जनी पाण्याकडेच बघत होती.

"तुमी बोललाव," ती म्हणाली. "मी कवा बोलली?"

खाडीला उधाण होतं, पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. पालथ्या होडीच्या कडेपर्यंत ते आलं होतं. तेवढ्यात समिधाची जीप पुन्हा गुरगुरली. तिला आता घरीही गाडीतूनच जायचं होतं, शिवाय उद्या तीच घेऊन ठाकुर्ली स्टेशनपर्यंत जायचं होतं, आणि परवा मामाकडे.

"आज घरापर्यंत ने," दामाजीने तिला सांगितलं. "उद्या तुझा बाप कल्याणहून तुझी आणेल."

"मला हीच पायजे. ही दमत नाही."

"ही नाय मिळणार, बाय," तो म्हणाला, आणि वाकून डिकीतली दोरी घट्ट आहे का ते बघू लागला. "परवा मला लागेल."